टिटवीची अंडी वर होती

मित्रांनो, चित्रकलेच्या वर्गामागच्या अडगळीत तुम्ही ज्या तीन पायांच्या लाकडाला ओल्या छत्र्या अडकवता, ती मी. मी एक जुनी तिपाई आहे, कॅमेऱ्याची. फोटोवाले मला स्टँड म्हणत. आता कुणी काहीच म्हणत नाही, कारण माझ्या डोक्यावर कॅमेरा चढून पाच वर्षं होत आली. छत्र्यांबद्दल माझी तक्रार नाही. छत्री निदान खोटं बोलत नाही.

म्हणाल, म्हातारीनं तोंड उघडलं की विखारच बाहेर. असू दे. आधी माझ्या तिसऱ्या पायाची पितळी टोपी बघा. हिरवी पडून निम्मी झडली आहे. ते कोपरीच्या मिठागराचं काम. आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन काचेच्या चौकटीतला तो टिटवीचा फोटो बघा. दरवर्षी त्याच्यावर तुम्हांला 'आईची माया' असा निबंध लिहायला लावतात ना, तोच. तो फोटो माझ्या याच तीन पायांवर काढलेला आहे. त्याची हकीकत तुम्हांला कुणी सांगितली नसेल. सांगणार कोण? ती पुरती ठाऊक असलेली एक मी, आणि दुसरे तुमचे श्रीपाद मास्तर. नाव ऐकून चमकलात? चमका. पण आता पुरतं ऐकून घ्या.

माझा जन्म कल्याणचा. दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीत पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, लागायचे. त्यातला एक म्हातारा पडाव स्वातंत्र्याच्या साली मोडीत निघाला. त्याचं सागवान महिपत सुतारानं उचललं आणि त्यातून मला घडवलं. तीन पाय, प्रत्येक पाय आत सरकणारा, टोकाला पितळी टोपी, माथ्यावर कॅमेऱ्यासाठी स्क्रू. मास्तर मला न्यायला आले तेव्हा महिपतनं मला अंगणात उभी केली आणि माझ्या माथ्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही.

"मास्तर, या लाकडानं चाळीस वर्षं पाण्यावर हेलकावे खाल्लेत," तो म्हणाला. "आता त्याला हलायचा कंटाळा आलाय. तुमचा फोटो हलायचा नाही."

मास्तर हसले आणि मला खांद्यावर टाकून ठाण्याला घेऊन आले. तेव्हा ते तिशीत होते. याच शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर रविवारी उजाडता उजाडता भात्याचा कॅमेरा आणि मला घेऊन पाखरांच्या मागे निघायचे. फाल्गुन-चैत्रात तर त्यांच्या पायांना घरात चैन नसे. येऊरच्या वाटेवर पांगारा लाल झाला की त्याच्यावर ब्राह्मणी मैना, बुलबुल, साळुंक्या यांची बाजारपेठ भरायची, ती आम्ही तासन् तास बघत उभे राहायचो. टिटवाळ्याला काळू नदीच्या काठी एका खंड्यासाठी आम्ही सलग सात रविवार घालवले. सातव्या रविवारी तो माझ्याच पायाजवळच्या दगडावर येऊन बसला आणि मास्तरांनी आनंदाच्या भरात, ज्या काचेवर फोटो उमटतो ती काच घालायला विसरून फोटो काढला. घरी जाऊन बघतात तर काय, कॅमेरा रिकामा. त्या दिवशी ते स्वतःलाच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

मला तो माणूस आवडायचा. कशाला खोटं बोलू? त्यांचा एक नियम होता. पाखराच्या दहा पावलांच्या आत जायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. सोबत कधी शाळेची मुलं असली तर त्यांनाही बजावायचे, "आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं घरातली भांडी हलवायची नसतात." घरट्याआड एखादी डहाळी आली तर ते ती मोडत नसत. मला उचलून दुसरीकडे उभी करत, आणि तिथूनही जमलं नाही तर हात हलवत घरी जात.

मग बावन्न साली त्यांनी मुंबईच्या एका प्रदर्शनाला चार फोटो पाठवले. चारही परत आले. सोबत एक चिठ्ठी होती. 'विषय उत्तम. पार्श्वभूमी गचाळ.' बस्स, एवढंच. पण ती चिठ्ठी मास्तरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली. जेवताना, वाचताना, दाढी करताना त्यांची नजर तिथं जायची. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई एकदा म्हणाल्या, "अहो, फेकून द्या ना ते चिठोरं." त्यांनी फेकलं नाही. माणसाचं वाकडं पाऊल केव्हा पडलं ते शोधायला मी जेव्हा जेव्हा मागे जाते, तेव्हा त्या चिठ्ठीपाशी येऊन थांबते.

आता मिठागराकडे येते.

कोपरीच्या पलीकडे खाडीकाठी एक मिठागर होतं. तिथं रघुबाबा नावाचे एक म्हातारे आगरी होते आणि त्यांची लेक तुळसा. तुळसाचा नवरा गेल्यावर ती बापाकडे परतली होती आणि डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची. मास्तरांनी कधीतरी रघुबाबांचा एक फोटो काढून त्यांना नेऊन दिला होता. तो त्यांनी देवाशेजारी टांगला. तेव्हापासून त्या मिठागरात मास्तरांना कुणी अडवत नसे.

त्या लोकांची एक रीत होती. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मीठ पिकतं त्या वाफ्यांच्या आणि खाडीच्या मधे मातीचा एक मोठा बांध होता. दर चैत्रात टिटवी त्या बांधावर अंडी घाले. चैत्री अमावस्येला खाडीला उधाण येतं, ते किती चढणार हे टिटवीला आधी कळतं, असं ही माणसं मानत. 'टिटवीचं अंडं आणि खाडीचं पाणी एकमेकांना भेटत नाहीत' असं त्यांचं बोलणं. अंडी बांधाच्या माथ्यावर असली की पाणी चढणार, म्हणून सगळी कामं टाकून बांध उंच करायचा. अंडी खाली उतारावर असली की उधाण साधं, म्हणून बांध राहू दे, मीठ उचला. हे बघायचा मान रघुबाबांचा. हनुमान जयंतीच्या सकाळी ते एकटे बांधावर जात आणि परत येऊन सांगत. त्याआधी पाडव्यापासून बांधावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. आणि बांध उंच करायचा झालाच, तर अंड्यांभोवतीची हातभर जागा सोडून माती घालायची, पिल्लं निघेपर्यंत.

त्रेपन्नच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही तिथं गेलो. बांधाच्या माथ्यावर, एका वाकड्या खुंटाशेजारी टिटवी बसलेली मास्तरांनी लांबूनच हेरली. तुळसा पाटी उतरवत होती. मास्तरांनी तिला विचारलं, वर जाऊ का.

"उद्यापासून बांधावर कोन जात नाय, मास्तर," ती म्हणाली. "बाबांनी बगल्याबिगर जाताच येत नाय."

"मी कुठे जवळ जातोय? लांबून फोटो घेईन. दोन-चार दिवस सकाळचं येईन, कुणाला दिसणारसुद्धा नाही."

तुळसानं वाफ्यांकडे पाहिलं. देवाशेजारी टांगलेला बापाचा फोटो काढून देणारा माणूस हा. त्याला नाही कसं म्हणायचं? "लांबनंच बगा हां," ती म्हणाली. "हात नका लावू." मास्तर म्हणाले, "छे छे, हात कशाला लावतोय?"

आम्ही वर गेलो. मास्तरांनी डोक्यावर काळं फडकं घेऊन काचेतून पाहिलं. टिटवी सुरेख दिसत होती. पण तिच्या मागे मिठाच्या राशी, कामकऱ्यांची झोपडी, वाळत टाकलेलं लुगडं. पार्श्वभूमी गचाळ. त्यांनी मला डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, गुडघ्यापर्यंत ठेंगणी केली. काही केल्या जमेना. खाली मात्र, तीन हातांवर, उताराला एक पायरीसारखी जागा होती. तिच्यापुढे वाफ्याचं स्वच्छ पाणी, पाण्यात आभाळ. टिटवी तिथं बसली असती तर तिचं प्रतिबिंब पडलं असतं.

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ते दहा पावलं चालत गेले, वाकले, आणि चार अंडी उचलून एक वीत खाली ठेवली. पाखरं थोड्या थोड्या अंतरानं सरकवलेल्या अंड्यांवर बसतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

टिटवी ओरडत आली, घिरट्या घातल्या, आणि बसली. पाडव्याच्या दिवशी आणखी एक वीत. मंगळवारी शाळेआधी येऊन आणखी हातभर. बुधवारी उरलेलं अंतर. अंगाखालची अंडी रोज कुणीतरी हलवतंय आणि ती बिचारी रोज नव्या जागी जाऊन बसतेय. बुधवारी कोवळं ऊन बरोबर तिच्या छातीवर आलं. मास्तर मिठाच्या राशीआड लपले होते. कॅमेऱ्याला जोडलेल्या रबरी नळीचा फुगा त्यांनी दाबला, आणि तुमच्या व्हरांड्यातला फोटो निघाला. मी तसूभरही हलले नाही. आज वाटतं, हलायला हवं होतं.

अंडी परत वर न्यायची तर आणखी चार दिवस हवे होते, आणि शाळेत परीक्षा आल्या होत्या. "पाखरू बसलंय ना, झालं तर मग," असं मास्तर पुटपुटले आणि मला खांद्यावर टाकून निघाले.

हनुमान जयंतीला तुळसानं त्यांना प्रसादाला बोलावलं होतं. आम्ही गेलो. रघुबाबा अंघोळ करून, डोक्याला नवं फडकं बांधून बांधावर चढले. खाली सगळं मिठागर श्वास रोखून उभं होतं. म्हातारा थोड्या वेळानं परत आला. चेहरा उजळलेला.

"खाली घातलीत औंदा," ते म्हणाले. "पार पान्याजवल. चालीस वरसांत इतक्या खाली नाय बगली. बांधाला हात लावू नका. मीठ उचला."

बायका हसायला लागल्या. बांधाची चिखलमाती वाहायचं काम वाचलं होतं. एका शब्दाचं काम होतं, मित्रांनो. 'बाबा, ती मी सरकवली.' संपलं असतं. चार माणसं रागावली असती, तुळसानं तोंड फिरवलं असतं, आणि बांध उंच झाला असता. पण मास्तर शिकलेले. टिटवीला कुठं उधाण कळतं, या अडाणी समजुती, असं त्यांनी मनाला बजावलं असणार. हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला, तो त्यांनी तोंडात टाकला आणि मूग गिळून उभे राहिले.

टिटवीला उधाण कळतं की नाही, ते मला माहीत नाही. मी लाकूड आहे. पण रघुबाबांना टिटवी कळत होती, आणि त्यांच्यावर तीस माणसांचं मिठागर चालत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चैत्री अमावस्येला मास्तरांना पिल्लांचा फोटो हवा होता, म्हणून आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला गेलो. खाडी तेव्हाच बांधाच्या गळ्याशी आली होती. वरून वारा. आमच्या डोळ्यांदेखत पाणी एका जागी बांधावरून आत आलं, मग ती जागा रुंदावली, मग बांधाचा एक लचकाच गेला. माणसं पाट्या, घमेली, अंगावरची धोतरंसुद्धा घेऊन धावली. काही उपयोग झाला नाही. मिठाच्या पांढऱ्या राशी खालून काळ्या पडल्या, बसल्या आणि गेल्या. दोन महिन्यांची मेहनत तासाभरात खाडीत विरघळली. उतारावरची ती पायरी तर सगळ्यात आधी बुडाली. वाकडा खुंट मात्र पाण्याबाहेर होता, आणि त्याच्याशेजारची हातभर जागा कोरडी होती. अंडी होती तिथंच राहिली असती तर वाचली असती. मास्तरांनीही ते पाहिलं. मला माहीत आहे, कारण खुंटाकडे एकदा बघून त्यांनी लगेच पाठ फिरवली.

संध्याकाळी तुळसा आमच्यापाशी आली. कमरेपर्यंत चिखल. "मास्तर, तुमी पयल्या दिशी बगितलीत," तिनं विचारलं. "अंडी कुठं व्हती?"

"असतील तिथंच," मास्तर म्हणाले. "मी काही नीट पाहिलं नाही."

"बरा," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून रघुबाबांचा शब्द गेला. मालकानं बांधावर दुसरा माणूस नेमला. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण पाठीमागे म्हणत, म्हाताऱ्याचे डोळे गेले. बाबांनी वाद घातला नाही. कुणी विचारलंच तर एवढंच म्हणत, "टिटवीनं मना फसवला."

आणि इकडे फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. घरात पेढे आले. पाहुण्यांसमोर मास्तरांनी पाठीवर थाप मारावी तशी माझ्या माथ्यावर मारली आणि म्हणाले, "स्टँडची कमाल आहे हो सगळी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेल्यावर आनंदाच्या भरात त्यांनी मंदाकिनीबाईंना सांगितलं, अंडी कशी वीत वीत सरकवली ते. बाई पेढ्यांचा पुडा बांधत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आणि त्या म्हाताऱ्यांनी तीच बघून सांगितलं? पाणी चढणार नाही म्हणून?"

मास्तरांनी एक पेढा उचलला आणि परत ठेवला.

"उद्याच्या उद्या जाऊन सांगा त्यांना."

"आता सांगून मीठ परत येणार आहे का?"

"मीठ नाही येणार," बाई म्हणाल्या. "त्यांचा शब्द येईल."

वर्षभर त्यांनी हा विषय सोडला नाही. भांडल्या नाहीत, पण आठ-पंधरा दिवसांनी विचारायच्या, "गेला होतात का हो कोपरीला?" शेवटी पुढच्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या रविवारी, मास्तर निघाले. बाईंनी रघुबाबांसाठी श्रीखंडाचा डबा भरून दिला. सांगायला निघालेल्या माणसाला कॅमेरा कशाला हवा? पण सवयीनं त्यांनी कॅमेराही घेतला आणि मलाही.

मिठागरावर पोचलो तर काय, बांधाचं काम जोरात चाललेलं. हनुमान जयंतीची कुणी वाट पाहिलेली नव्हती. बाया रांगेनं मातीच्या पाट्या नेऊन माथ्यावर टाकत होत्या. रघुबाबा खाली एका दगडावर बसले होते. वाकड्या खुंटाशेजारी टिटवी बसली होती. माती तिच्या अंगाजवळ आली तेव्हा ती उडाली. चार अंडी उघडी पडली. पुढची पाटी तुळसाच्या डोक्यावर होती.

"अगं, थांब, थांब!" मास्तर धावले. "अंडी आहेत तिथं!"

"ठाव हाय," तुळसा म्हणाली. "चार हायत."

"मग हातभर जागा सोडा ना. तुमची रीतच आहे ती."

रघुबाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "व्हती. घाल गो माती. खोटं बोलनाऱ्या पाखराला कशाला जपाचा?"

हे चाळीस वर्षं त्या अंड्यांभोवती माणसांना फिरकू न देणारे रघुबाबा म्हणत होते. मित्रांनो, तेव्हाही एक वाक्य पुरे होतं. 'पाखरू खोटं बोललं नाही बाबा, मी बोललो.' चार अंडी वाचली असती, आणि म्हातारा त्या दगडावरून ताठ मानेनं उठला असता. मास्तरांनी तोंड उघडलं. मी माझ्या जन्मात इतकी स्थिर कधी उभी राहिले नव्हते.

"जरा दोन मिनिटं थांबा," मास्तर म्हणाले. "एक फोटो घेतो."

आणि ती माणसं थांबली हो. डोक्यावर मातीचं ओझं घेऊन थांबली. मास्तरांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं, फुगा दाबला, काच बाहेर काढली.

"झाला?" तुळसानं विचारलं.

"झाला."

तिनं पाटी उलटी केली. टिटवी ओरडत वरून फिरत राहिली. आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो तरी तिचा आवाज मागून येत होता. श्रीखंडाचा डबा मास्तरांनी रघुबाबांना दिला होता. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला होता.

घरी मंदाकिनीबाई दारातच उभ्या होत्या. "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, होतं असं कधी कधी."

बाईंचा चेहरा वर्षभरानं हलका झाला. "बघा, मी म्हणत नव्हते?" असं म्हणून त्या शिरा करायला आत गेल्या. मी कोपऱ्यात उभी होते आणि माझ्या पायांवर त्या बांधाचा चिखल वाळत होता. मास्तरांनी तो पुसला नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी पत्र्याचा हलका स्टँड विकत घेतला आणि मला शाळेला देऊन टाकलं. माझ्याकडे बघणं त्यांना जड जात असावं. मलाही जात होतं.

पुढचं मला इथं छत्र्या अडकवणाऱ्या कोपरीच्या मुलांच्या बोलण्यातून कळलं. रघुबाबा दोन वर्षांनी गेले. तुळसा दिवा गावी भावाकडे गेली. मिठागर चालू आहे. बांध दरवर्षी उंच होतो आणि अंडी दरवर्षी मातीखाली जातात, कारण टिटवी खोटी आहे हे आता तिथं पोराटोरांनाही माहीत आहे.

मुलांनो, तुम्ही पाखरं बघायला जा. जरूर जा, चैत्र त्यासाठीच असतो. पण जे जिथं आहे ते तिथंच राहू द्या. ते कुणाच्या कामाचं आहे हे तुम्हांला ठाऊक नसतं. आणि चुकून हात लागलाच, तर तोंडानं सांगा. मला तोंड नव्हतं. त्यांना होतं.